हरितगृहावरील वेलींची सावली

हरितगृहावरील वेलींची सावली म्हणजे उन्हाळ्यात हरितगृह प्रमाणाबाहेर तापू नये यासाठी त्याच्या छपरावर, भिंतींलगत किंवा आतील बाजूस वेली चढवून निर्माण केलेली हंगामी सावली होय. काचेला चुना फासणे, पडदे ओढणे किंवा शेडनेट अंथरणे या उपायांप्रमाणेच या पद्धतीचा हेतू सूर्यप्रकाशाचा काही भाग अडवणे हा असतो. मात्र येथे प्रकाश अडवणारे साधन सजीव असल्यामुळे ते ऋतूनुसार वाढते आणि नाहीसेही होते. समशीतोष्ण प्रदेशांत पानझडी वेलींचे चक्र हरितगृहाच्या गरजेशी बरेचसे जुळते: उन्हाळ्यात दाट पाने आणि हिवाळ्यात उघड्या फांद्या. मान्सूनच्या प्रदेशात हा मेळ आपोआप बसत नाही. त्यामुळे वेलीची जात, लागवडीचा महिना आणि छाटणीची वेळ यांची निवड हा या पद्धतीचा गाभा ठरतो.

## हरितगृह तापण्याची कारणे

निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर पोहोचणारी सौर ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॉटपर्यंत असते. काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक यांतून तिचा मोठा भाग आत शिरतो आणि माती, झाडे व सांगाडा यांत शोषला जाऊन उष्णतेत रूपांतरित होतो. तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे आतील तापमान वाढत जाते.

काच दीर्घ तरंगलांबीची अवरक्त प्रारणे अडवते, हे हरितगृह तापण्याचे मुख्य कारण असल्याचा समज दीर्घकाळ प्रचलित होता. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या घेऊन प्रयोग केला. एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त प्रारणांना पारदर्शक असलेल्या सैंधवाचे तावदान बसवले होते. दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. यावरून कोंडलेली हवा हेच तापण्याचे प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. म्हणूनच हरितगृह थंड ठेवण्याचे मूलभूत उपाय दोनच ठरतात: तापलेली हवा बाहेर जाऊ देणे आणि मुळात आत येणारे ऊन कमी करणे. वेलींची सावली दुसऱ्या प्रकारात मोडते. ती वायुवीजनाला पूरक असते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

तापमान वाढल्याचे परिणाम पिकांवर लवकर दिसतात. टोमॅटोमध्ये दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले, की परागकणांची क्षमता घटते आणि फुले फळ न धरताच गळतात. कोवळी रोपे कोमेजतात, पाने करपतात आणि पालेभाज्या अकाली फुलोऱ्यावर येतात.

## कार्यपद्धती

### प्रकाशाचे नियमन

हिरवे पान ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त असा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. निकट अवरक्त प्रारणांचा बराचसा भाग ते परावर्तित करते किंवा आरपार जाऊ देते. याचा एक प्रतिकूल परिणाम असा, की पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडात आतील पिकाला हवा असलेला प्रकाश त्यामानाने कमी आणि उष्णता देणारा भाग अधिक असतो.

सावली किती पडेल हे पर्णक्षेत्र निर्देशांकावर अवलंबून असते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर पानांचे एकूण क्षेत्रफळ किती चौरस मीटर आहे, हे त्यावरून समजते. पानांच्या थरातून जाताना प्रकाश घातांकी पद्धतीने घटतो. घट-गुणांक ०.६ धरल्यास निर्देशांक १ असताना सुमारे ५५ टक्के, २ असताना ३० टक्के आणि ३ असताना सुमारे १६ टक्के प्रकाश खाली पोहोचतो. म्हणजे विरळ वेल ही साधारण ५० टक्के शेडनेटसारखी असते, तर निगा न राखलेली दाट वेल बहुतेक भाजीपिकांना परवडणार नाही इतका अंधार करते.

### बाष्पोत्सर्जन

पाने मुळांनी शोषलेले पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतात. एक लिटर पाण्याचे बाष्प होण्यासाठी सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. दहा चौरस मीटर पसरलेल्या वेलीने दिवसाला ४० लिटर पाणी बाष्परूपाने सोडले, तर त्यात सुमारे ९८ मेगाज्यूल, म्हणजेच साधारण २७ युनिट विजेइतकी ऊर्जा खर्च होते. यामुळे उन्हात तापणाऱ्या कापडी किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याप्रमाणे पाने फारशी तापत नाहीत. त्यांचे तापमान भोवतालच्या हवेच्या जवळपास राहते आणि त्यांच्याकडून खाली उष्णता कमी उत्सर्जित होते. बाहेर चढवलेल्या वेलीच्या बाष्पोत्सर्जनाने आतील हवा प्रत्यक्ष थंड होत नाही. प्रमुख लाभ अडवलेल्या उन्हाचाच असतो.

### बाहेरील आणि आतील वेल

बाहेरील वेल ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवते आणि शोषलेली उष्णता बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जाते. आतील वेलीच्या बाबतीत ऊन आधीच आत आलेले असते. वेल त्याचा काही भाग बाष्पोत्सर्जनात खर्च करते, परंतु त्यातून निर्माण होणारी आर्द्रता आत साठते. वायुवीजन पुरेसे नसल्यास अशा दमट हवेत बुरशीजन्य रोग बळावतात. म्हणून तापमान कमी करण्याच्या दृष्टीने बाहेरील वेल अधिक परिणामकारक असते. थंड हवामानात न पिकणारी फळे मिळवणे हाही उद्देश असेल, तर आतील वेल निवडली जाते.

## सूर्याची उंची आणि पानांचे चक्र

लंडनच्या अक्षवृत्तावर (सुमारे ५१.५° उत्तर) २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६२ अंश उंच असतो, तर २१ डिसेंबरच्या सुमारास अवघा १५ अंश. अशा प्रदेशात हिवाळ्यात मिळणारा प्रत्येक किरण मौल्यवान असतो. थंड देशांतील हरितगृह-शेतीत एक टक्का प्रकाश घटला तर उत्पादनही सुमारे एक टक्का घटते, असा ढोबळ नियम मानला जातो. पानझडी वेल हिवाळ्यात हा प्रकाश अडवत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

वेलीचा दुसरा गुण स्थिर छज्जा किंवा झडपेशी तुलना केल्यास लक्षात येतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवशी सूर्याची उंची सारखीच असते, त्यामुळे स्थिर छज्जा दोन्ही दिवशी सारखीच सावली देतो. प्रत्यक्षात उत्तर युरोपात मार्चमध्ये हवा थंड असते आणि बियाण्यांच्या रुजवणीसाठी हरितगृहाला ऊब हवी असते, तर सप्टेंबरच्या आरंभी हवा अजून उबदार असते. पाने फुटणे प्रामुख्याने हवेच्या तापमानावर अवलंबून असल्याने मार्चमध्ये वेल उघडी आणि सप्टेंबरमध्ये भरगच्च असते. अशा रीतीने वेलीची सावली सूर्याच्या स्थितीपेक्षा ऋतूच्या उष्णतेला अनुसरते.

## इतिहास

ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यानंतर काचेची हरितगृहे मोठ्या प्रमाणावर उभारली जाऊ लागली. त्याआधीपासूनच श्रीमंतांच्या उद्यानांत द्राक्षांसाठी स्वतंत्र काचगृहे होती. वेलीची मुळे काचगृहाबाहेरील मातीत लावून खोड भिंतीच्या पायातील भोकातून आत घेण्याची रीत प्रचलित होती. यामुळे मुळांना मोकळी जमीन आणि पावसाचे पाणी मिळे, तर फांद्यांना काचेखालची ऊब मिळत असे. छपराखाली ताणलेल्या तारांवर पसरलेली वेल फळांबरोबर खालच्या कुंड्यांना सावलीही देत असे. लंडनजवळील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील प्रसिद्ध द्राक्षवेल १७६८ मध्ये लावली गेली. ती आजही काचगृहात वाढत असून दरवर्षी फळे देते.

उन्हाचा दाह कमी करण्याचे इतर मार्गही त्या काळात शोधले गेले. लंडनच्या क्यू उद्यानातील पाम हाऊस (बांधकाम १८४४–१८४८) या काचगृहासाठी रॉबर्ट हंट यांच्या सल्ल्यावरून हिरवट छटेची काच वापरण्यात आली होती. अशी काच वर्षभर सारखाच प्रकाश अडवते, हिवाळ्यातही. पुढे तिचा वापर सोडून देण्यात आला.

काचगृहातील वेलींनी एका मोठ्या संकटाची पहिली खूणही दाखवली. अमेरिकेतून आलेला द्राक्षावरील भुरी रोग युरोपात प्रथम १८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथील काचगृहात एडवर्ड टकर या माळ्याच्या लक्षात आला. बुरशीशास्त्रज्ञ माइल्स बर्कली यांनी त्या बुरशीला टकर यांच्या नावावरून नाव दिले. पुढील काही वर्षांत हा रोग फ्रान्स व इतर देशांतील द्राक्षमळ्यांत पसरला आणि त्याने मोठी हानी केली. गंधकाचा वापर हा त्यावरील परिणामकारक उपाय ठरला.

विसाव्या शतकात १९७३ च्या तेलसंकटानंतर घराला जोडून बांधलेल्या, सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या हरितगृहांकडे अमेरिका व युरोपात लक्ष वळले. अशा बांधकामांत उन्हाळ्यातील अतिरिक्त उष्णता टाळण्यासाठी पानझडी वेलींचा उपाय सुचवला जाऊ लागला. जपानमध्ये इमारतींच्या खिडक्यांसमोर कारल्याच्या किंवा मॉर्निंग ग्लोरीच्या वेली जाळीवर चढवून ‘हिरवे पडदे’ तयार केले जातात. २०११ च्या भूकंपानंतर वीजटंचाईमुळे त्यांचा प्रसार विशेष वाढला. हे पडदे हरितगृहांसाठी नसले, तरी हंगामी वेलीने काच झाकण्याचे तत्त्व तेच आहे.

## वेलींची निवड

वेल आधाराला कशी धरते यावर तिची उपयुक्तता अवलंबून असते. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चढणाऱ्या वनस्पतींवरील प्रबंधात वेढे घालणाऱ्या, तणाव्यांनी धरणाऱ्या, आकड्यांनी चढणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या वेली असे गट वर्णिले आहेत. हॉप या वेलीचा शेंडा साधारण दोन तासांत एक फेरी पूर्ण करतो, असे त्यांनी निरीक्षणातून नोंदवले. वेढे घालणाऱ्या व तणाव्यांच्या वेली तारेवर किंवा सुतळीवर वाढवता येतात आणि हंगाम संपल्यावर सहज उतरवता येतात. मुळांनी किंवा चिकट चकत्यांनी धरणाऱ्या वेली काच, रंग व सांधे खराब करतात. आयव्हीसारखी सदाहरित वेल तर हिवाळ्यातही प्रकाश अडवते.

| वेल | स्वरूप | आधार धरण्याची रीत | हरितगृहाच्या दृष्टीने |
|---|---|---|---|
| द्राक्ष | पानझडी, बहुवर्षायू | तणावे | थंड प्रदेशांत योग्य, फळही मिळते, नियमित छाटणी आवश्यक |
| हॉप | बहुवर्षायू. जमिनीवरील भाग दरवर्षी वाळतो | वेढे | हिवाळ्यात पूर्ण उघडीप. मुळांतून इतरत्र पसरते |
| किवी | पानझडी, बहुवर्षायू | वेढे | दाट सावली. जड व जोमदार, भक्कम आधार हवा |
| रनर घेवडा | हंगामी म्हणून लागवड | वेढे | थंड हवेत उत्तम. तीव्र उन्हाळ्यात शेंगा धरत नाहीत |
| व्हर्जिनिया क्रीपर | पानझडी, बहुवर्षायू | तणाव्यांच्या टोकांवरील चिकट चकत्या | काचेवर थेट चढवू नये |
| दोडका, घोसाळे | हंगामी | तणावे | उष्ण हवेत जलद वाढ. रुंद पाने |
| कारले | हंगामी | तणावे | नाजूक पाने, विरळ सावली, कमी वजन |
| कृष्णकमळ | उष्ण भागात सदाहरित | तणावे | सावली वर्षभर राहते. सतत छाटणी लागते |
| गुळवेल | पानझडी, बहुवर्षायू | वेढे | कोरड्या ऋतूत पाने गाळते. भारतीय उन्हाळ्यात निरुपयोगी |

हंगामी वेलींचा विशेष फायदा असा, की हंगामानंतर खोड व फांद्याही शिल्लक राहत नाहीत. जुनी बहुवर्षायू वेल पाने झडल्यावरही तिच्या जाड फांद्यांनी काही प्रकाश अडवते. उलटपक्षी हंगामी वेल दरवर्षी नव्याने वाढवावी लागते आणि ती आधारभर पसरेपर्यंत काही आठवडे सावली मिळत नाही.

आत घेतलेले पीक आणि बाहेरील वेल एकाच कुळातील असणे टाळले जाते. आत काकडी आणि बाहेर दोडका असल्यास भुरी, केवडा, पांढरी माशी आणि मावा यांना दोन्हीकडे आश्रय मिळतो. मावा काकडीवरील मोझॅक विषाणूचा वाहकही असतो.

## मांडणी

वेल काचेवर किंवा प्लॅस्टिक कागदावर थेट टेकू दिली जात नाही. आच्छादनापासून साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर स्वतंत्र खांब, तारा किंवा जाळी उभारली जाते. या फटीतून हवा खेळती राहते, झडपा उघडता येतात, काच धुता येते आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या प्लॅस्टिक कागद घासून फाडत नाहीत. वेलीचे, फळांचे आणि पावसाने भिजलेल्या पानांचे वजन हरितगृहाच्या सांगाड्यावर न टाकता या स्वतंत्र आधारावरच घेतले जाते.

छपरावरील झडपा मोकळ्या ठेवणे महत्त्वाचे असते. लहान हरितगृहांत झडपांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे १५ ते २० टक्के असावे असे मानले जाते. त्या वेलीने झाकल्या गेल्यास सावलीचा लाभ वायुवीजनाच्या हानीत निघून जातो. उत्तर गोलार्धातील उच्च अक्षवृत्तांवर दक्षिण व पश्चिम बाजूंना प्राधान्य दिले जाते. पूर्वेकडील कोवळे ऊन सहसा अडवले जात नाही.

## निगा

सावलीचे प्रमाण टिकवण्यासाठी वाढीच्या काळात दर एक-दोन आठवड्यांनी शेंडे खुडणे व पाने विरळ करणे आवश्यक असते. आत उभे राहिल्यावर जमिनीवर उन्हाचे कवडसे सर्वत्र दिसणे, ही योग्य घनतेची व्यावहारिक खूण मानता येते. उन्हाची तीव्रता ओसरू लागली की पाने गळण्याची वाट न पाहता छाटणी केली जाते, कारण पिकत आलेल्या टोमॅटोसारख्या फळांना त्या वेळी प्रकाशाची गरज असते. पडलेली पाने पन्हळीत साचून पाणी तुंबवतात, म्हणून पानगळीनंतर पन्हळी साफ केल्या जातात. द्राक्षवेलीची मुख्य छाटणी थंड प्रदेशांत वेल सुप्तावस्थेत असताना केली जाते. रस चढू लागल्यावर कापल्यास जखमांतून तो बराच वाहतो.

## महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात हरितगृह या अर्थी ‘पॉलिहाऊस’ हा शब्द रूढ आहे. मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे परिसर पॉलिहाऊसमधील फुलशेतीसाठी ओळखला जातो. येथे थंडीपासून संरक्षणापेक्षा ऊन, पाऊस व किडी यांवर नियंत्रण हा मुख्य हेतू असतो. त्यामुळे युरोपीय पुस्तकांतील वेलींच्या शिफारशी जशाच्या तशा लागू पडत नाहीत. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण सूर्याच्या स्थितीचे आहे. पुण्याच्या अक्षवृत्तावर (सुमारे १८.५° उत्तर) सूर्य मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस डोक्यावर येतो. मधल्या काळात तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. परिणामी दक्षिणेकडील उभ्या भिंतीवरच्या वेलीचा उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ उपयोग होत नाही. सावली छपरावर आणि दुपारनंतर पश्चिम बाजूस लागते.

दुसरे कारण उन्हाळ्याच्या काळाचे आहे. येथील तीव्र उष्णता मार्च ते मे या महिन्यांत असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगाळ असते आणि पिकांना उलट प्रकाश कमी पडतो. वेली मात्र पावसाळ्यातच सर्वाधिक जोमाने वाढतात. म्हणजे निसर्गावर सोडल्यास नको तेव्हा सावली आणि हवी तेव्हा ऊन अशी स्थिती होते.

तिसरे कारण द्राक्षवेलीच्या येथील वागणुकीत आहे. महाराष्ट्रातील सौम्य हिवाळ्यात द्राक्षवेल युरोपाप्रमाणे विश्रांती घेत नाही. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत वर्षातून दोनदा छाटणी करून एक पीक घेतले जाते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. खरड छाटणीनंतर ऐन एप्रिलमध्ये वेल उघडी पडते आणि तिचा पाला भरतो तोवर उन्हाळा सरत आलेला असतो. थंड देशांत सर्वाधिक वापरली जाणारी सावलीची वेल येथे त्यामुळेच गैरसोयीची ठरते.

येथे त्यामानाने जुळणारा मार्ग म्हणजे उन्हाळी हंगामातील वेलभाज्या. दोडका, घोसाळे, कारले किंवा दुधी जानेवारी-फेब्रुवारीत लावल्यास मार्चअखेरपर्यंत मांडव बऱ्यापैकी झाकला जातो, मेअखेरपर्यंत फळे व सावली दोन्ही मिळतात आणि पाऊस सुरू होताच वेल काढून टाकता येते. वेल वेळेवर काढणे हे ती लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. कोकणात परसातील मांडवावर पडवळ, दोडकी, कारली चढवण्याची जुनी रीत आहे, परंतु ते मांडव बहुधा पावसाळी असतात. तो हंगाम हरितगृहावरील सावलीसाठी उपयोगाचा नाही.

सजीव सावलीचा वापर मराठी शेतकऱ्यांना अपरिचित नाही. पानमळ्यात शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा यांसारख्या झाडांच्या आधाराने व सावलीत नागवेल वाढवली जाते. तेथे नाते उलटे असते: झाड सावली देते आणि वेल ती घेते. ऋतूनुसार आधारवृक्षांच्या फांद्या छाटून उजेड कमी-अधिक करण्याचे तत्त्व मात्र समान आहे.

## मर्यादा

* पाणी: बाष्पोत्सर्जनाचा दर दिवसाला ५ मिलिमीटर धरल्यास ५० चौरस मीटर वेलीला रोज सुमारे २५० लिटर पाणी लागते. टंचाईच्या भागांत एप्रिल-मेमध्ये ही गरज पिकाच्या पाण्याशी स्पर्धा करते. शेडनेटला पाणी लागत नाही.
* अनिश्चितता: रोग, कीड, गारपीट किंवा वादळी वारा यांमुळे ऐन उन्हाळ्यात वेल नष्ट झाल्यास पिकावर अचानक तीव्र ऊन पडते.
* लवचीकतेचा अभाव: ढगाळ दिवशी पडदा गुंडाळता येतो, वेल गुंडाळता येत नाही.
* आकार: मोठ्या व्यापारी पॉलिहाऊसची उंची, विस्तार आणि प्लॅस्टिक आच्छादन पाहता त्यांवर वेल चढवणे व्यवहार्य नसते. घरगुती हरितगृहे, शाळांतील बागा, लहान रोपवाटिका आणि गच्चीवरील बांधकामे यांसाठी ही पद्धत अधिक योग्य ठरते.

## इतर उपायांशी तुलना

शेडनेट ३५, ५०, ७५ टक्के अशा ठरावीक प्रमाणांत मिळते आणि त्याची सावली पहिल्या दिवसापासून निश्चित असते. मात्र ते विकत घ्यावे लागते, कालांतराने उन्हाने जीर्ण होते आणि त्याचा प्लॅस्टिक कचरा उरतो. काचेवरील चुन्याचा लेप स्वस्त असतो, परंतु एकदा लावल्यावर ढगाळ दिवसांतही तो प्रकाश अडवतो आणि शेवटी धुऊन काढावा लागतो. सरकते पडदे सर्वांत नियंत्रणक्षम पण खर्चिक असतात. ओले पॅड व पंखे यांची पद्धत तापमान थेट कमी करते, मात्र तिला वीज लागते आणि दमट हवेत ती कमी परिणामकारक ठरते. वेलीचा आरंभीचा खर्च अल्प असतो व तिच्यापासून भाजी किंवा फळे मिळतात. तिची किंमत मुख्यतः पाणी, श्रम आणि वेळेवरचे लक्ष या स्वरूपात मोजावी लागते. म्हणून काही ठिकाणी छपरासाठी शेडनेट आणि पश्चिम बाजूसाठी वेलीचा मांडव असा संयुक्त वापर केला जातो.

## हेही पहा

* हरितगृह
* शेडनेट
* बाष्पोत्सर्जन
* द्राक्ष
* पानमळा
* परसबाग